माळावर ‘काही नाही’: सहावी-सातवीच्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ जून २०२५

शाळा उघडली. गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, गोड भात, सगळं यथासांग झालं. सहावी-सातवी मिळून पट ३४. वर्षभराच्या प्रकल्पासाठी ‘परिसरातील वन्यजीव’ हा विषय हेडसरांनी माझ्या गळ्यात घातला आणि मी फार विचार न करता माळढोक हा पक्षी निवडला. सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या शाळेनं दुसरं काय निवडायचं? नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून एसटीनं अर्ध्या तासाच्या आत आहे.

वर्गात विचारलं, माळढोक कोणी पाहिलाय? सगळे हात वर.

“कुठं पाहिला?”

“अभयारण्याच्या पाटीवर!”

खरा, जिवंत? एकही हात नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, तुम्ही?”

मी फळा पुसायला घेतला. या तालुक्यात नोकरीला चौदा वर्षं झाली. मीही पाटीवरच पाहिलाय.

१९ जून

काल अरण्यलेखक मारुती चितमपल्ली गेले. जन्म सोलापूरचा, नोकरी वनखात्यात, उतारवयात पुन्हा सोलापुरात, पद्मश्री यंदाच मिळालेली. परिपाठाला दोन मिनिटं शांत उभे राहिलो. मुलांना नाव माहीत नव्हतं, म्हणून चरित्र सांगत बसले नाही. त्यांनी मराठीत रुजवलेले दोन शब्द फळ्यावर लिहिले. काकागार, म्हणजे कावळे रात्री मुक्कामाला जमतात ती जागा. सारंगागार, म्हणजे बगळे एकत्र घरटी करतात ती जागा.

मधल्या सुट्टीपर्यंत गावातलं काकागार सापडलंसुद्धा: थांब्यामागचा पिंपळ. एकीनं विचारलं, “मग वटवाघळांच्या झाडाला काय म्हणायचं?” दुसरीनं लगेच उत्तर दिलं, “वाघळागार.” मी तो शब्द खोडला नाही.

२८ जून

शनिवार, सकाळची शाळा. आज नकाशा. प्रत्येकानं गावाचा नकाशा काढायचा आणि त्यात प्राणी-पक्षी कुठं कुठं दिसतात ते दाखवायचं. पाऊण तास दिला.

घरी आणून ३४ कागद पलंगावर पसरले आणि बघतच बसले. ओढ्यावर बगळे, विहिरीत पारवे, चिंचेवर पोपट, उकिरड्यावर कोंबड्या (चालतील). उसात रानडुक्कर. पण शाळेमागून पार पाझर तलावापर्यंत पसरलेला माळ, म्हणजे गावाच्या शिवाराचा चांगला तिसरा हिस्सा, बहुतेक सगळ्या कागदांवर कोरा. एकानं तिथं ‘पडीक’ लिहिलंय. एकीनं सुवाच्य अक्षरात ‘काही नाही’. दोघांनी तिथं क्रिकेटची खेळपट्टी काढलीय, ती मात्र मापात.

एकच कागद वेगळा. सातवीतली एक मुलगी आहे, तिच्या आजोबांची मेंढरं आहेत. तिनं माळावर इतकं भरलंय की नावं कडेला उभी लिहावी लागलीत. खोकडाचं बीळ. जुनं बीळ (रिकामं). मोराची धुळीत लोळायची जागा. लाव्हे. पकुर्डी पाण्याला येतात ती डबकी. ससा. घोरपड. ‘इथं लांडगा बसला होता’ आणि त्यापुढं बाण. ‘इथं आमचा वाडा असतो’. वाडा म्हणजे मेंढरांचा मुक्काम, हे खाली कंसात. ते बहुधा माझ्यासाठी असावं.

मी पोरांना माळढोक शिकवायला निघालेय आणि त्यांच्या नकाशात माळच नाही. त्यांना तरी काय बोलायचं? सरकारी कागदात पडीक, पुस्तकात ओसाड, आपल्या बोलण्यात उजाड. आणि माझ्या स्वतःच्या मोबाइलमध्ये मागच्या सहा पावसाळ्यांचे वृक्षारोपणाचे फोटो आहेत. सगळे याच माळावरचे.

३ जुलै

हे सविस्तर लिहून ठेवते.

वृक्षारोपणाचं पत्र आलेलं. रोपं १५०: गिरीपुष्प जास्त, थोडे कडुनिंब, थोडी करंज. रोपं देणाऱ्या संस्थेची माणसं सकाळी दहालाच फलक घेऊन हजर. आदल्या दिवशी फक्की मारून ओळी आखल्या होत्या, यंत्रानं निम्मे खड्डे खोदूनही झाले होते. मुलं ओळीत उभी. तेवढ्यात टिटवी उठली.

टिटवीचं ओरडणं आम्हाला नवं नाही. पण ही डोक्यावरून खाली झेपावत होती, पुन्हा वर जात होती, पुन्हा यायची. फलकवाले एक गृहस्थ हातवारे करून तिला हुसकत होते. मग ती वीसेक फुटांवर उतरली आणि एक पंख जमिनीवर ओढत लंगडत चालायला लागली. मुली हळहळल्या. सहावीतला एक मुलगा (रब्बीत बांधावर गोफण घेऊन असतो, म्हणून वर्गात त्याला गोफण्याच म्हणतात) शांतपणे म्हणाला, “खोटं करलालीय मॅडम ती. अंडी हितंच हायेत.”

आम्ही दोघं जागच्या जागी वाकून बघायला लागलो. दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मुरूम, खडे, वाळलेलं शेण. त्यानं बोट दाखवलं तरी दिसेना. मग एकदम दिसली, आणि दिसल्यावर इतका वेळ दिसली कशी नाहीत याचंच नवल. फक्कीच्या रेषेपासून दोन वितींवर चार अंडी, निमुळती टोकं आत करून जुळवलेली. मातकट रंग, त्यावर काळपट डाग. घरटं असं नाहीच. उथळ खळगा आणि भोवती बारीक खडे मांडलेले. काडी नाही, पीस नाही.

पुढच्या खड्ड्याची खूण त्या खळग्याच्या बरोबर बाजूला होती.

मी म्हटलं, एवढी ओळ सोडू या. फलकवाले म्हणाले, मॅडम, पक्ष्यांसाठीच तर झाडं लावतोय. यावर काय बोलावं ते तेव्हा सुचलं नाही. शेवटी बारा खड्डे पलीकडं सरकवले, फोटो झाले, चहा झाला. मुलांना टिटवीची काळजी लागलेली. क्रिकेटवाल्यांचा चेंडू तिकडं जाईल, गुरं जातील. म्हणून मी एक शहाणपणा केला. मागच्या कार्यक्रमाचे पताकांचे कागद होते, ते चार काठ्यांना लावून अंड्यांभोवती रोवले. ‘टिटवीचे घर, जवळ जाऊ नये’ अशी पाटीही केली. मुलं खूश. मी खूश.

९ जुलै

चारही अंडी गेली. कवचाचा एक तुकडा तेवढा पताकेखाली मिळाला.

कावळ्यांनी की कुत्र्यानं, सांगता येत नाही. टिटवी आलटून-पालटून, नर-मादी दोघं मिळून, चार आठवड्यांच्या आसपास अंडी उबवते. तिचा सगळा बंदोबस्त एकच: दिसायचं नाही. अंडं खड्यासारखं, खळगा जमिनीसारखा, आणि कोणी फारच जवळ आलं तर लंगडायचं नाटक. आणि मी तिथं चार रंगीत पताका रोवल्या. माणसाला वाचता येईल असं लिहिलं आणि बाकी सगळ्यांना पत्ता दिला.

वर्गात कोणी काही बोलेना. गोफण्या बोलला. “मॅडम, आपणच दाखवलं की.”

आज हजेरीही घेतली नाही, उद्या घेईन.

१९ जुलै

टिटवी पुन्हा अंडी घालू शकते, पहिली गेली तर दुसऱ्यांदा प्रयत्न करते, हे सांगितल्यावर वर्ग जरा सावरला. लगेच प्रश्न आला, माळढोक किती घालतो? एक. बहुधा एकच. तेही असंच उघड्या जमिनीवर. मग कोणी न सांगता मुलांनी हिशोब केला, चारातली चार गेली तर काय आणि एकातलं एक गेलं तर काय. धड्यातला ‘संकटग्रस्त’ हा शब्द मी तीनदा समजावला होता. आज लागला.

आज माळढोकाचं माप घेतलं. उंची मीटरभर, म्हणजे पहिलीतलं मूल. नराचं वजन १५ किलोपर्यंत भरतं. कार्यालयातल्या काट्यावर दप्तरं ठेवत गेलो, साडेतीन दप्तरं झाली. एवढं धूड उडतं, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत जड असलेल्यांपैकी हा एक, पण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. समोरचं कमी दिसतं. मुलांना नाकासमोर दोन्ही वह्या उभ्या धरून व्हरांड्यात चालायला लावलं, मध्ये सुतळी बांधली. एकामागोमाग एक सगळे सुतळीत. हसून हसून पुरेवाट झाली. मग सुतळीच्या जागी विजेच्या तारा धरा म्हटलं. पक्ष्याला तार दिसेपर्यंत वळायची सवड नसते. म्हणूनच राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखालून न्याव्यात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२१ साली तसा आदेशही झाला आणि २०२४ मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडं गेला. सातवीच्या एकीनं विचारलं, “मग आपल्या हितल्या तारा?” तिच्या घरावरूनच मोठी लाइन गेलीय.

देशभरात आता दीडशेच्या आसपास उरलेत, बहुतेक जैसलमेर भागात. नान्नजला एखादी मादी दिसली की बातमी होते. आकडे फळ्यावर लिहिले आणि त्याखाली, मीसुद्धा पाहिलेला नाही. पहिल्या दिवशीचं उत्तर महिन्यानं दिलं. मुलांना काही विशेष वाटलं नाही. मलाच हलकं वाटलं.

२९ जुलै

नागपंचमी. सुट्टी. काल वर्गात एवढंच: साप दूध पीत नाही, उंदीर खातो, आणि ज्वारीच्या कणगीजवळ धामण दिसली तर काठी शोधायची नाही. फुरसं मात्र धामण नव्हे, हेही सांगितलं. माळावर दगड उचलायचा तर आधी काठीनं सरकवायचा. एका आईचा संध्याकाळी फोन: “मॅडम, पोरगं दूध ठेवू देईना की.” त्यावर माझ्याकडं तोडगा नव्हता. म्हटलं, दूध पोराला द्या.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर पालक थांबवून प्रकल्प दाखवला. पुठ्ठ्याचा मीटरभर माळढोक, वजनाचा तक्ता. कौतुक झालं. शेवटच्या रांगेतले एक वडीलधारे उठले. “बाई, तुम्हाला पक्षी दिसतोय. आम्हाला सातबाऱ्यावरचा शेरा दिसतोय.”

मला आधी राग आला, मग खाली बसून ऐकलं. १९७९ साली अभयारण्य झालं तेव्हा कागदावरचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. सोलापूर-नगरचे अख्खेच्या अख्खे तालुके त्यात होते, गावं, शहरं, पिकाखालची जमीन सगळं धरून. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. पुढं ते क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं, पण मधली तीस-पस्तीस वर्षं लोकांनी काढली. या आजोबांना मुलीच्या लग्नाला दोन एकर विकायचे होते. विकता आले नाहीत. मग सावकार.

माझ्या तक्त्यावर हे कुठंच नव्हतं. पक्षी का कमी झाला याची कारणं मी लिहिली होती: शिकार, तारा, कुत्री, माळ मोडून झालेली शेती. आता कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस आला, हेही खरं. पण ज्याच्या शेतात पक्ष्यानं यायचं त्यालाच पक्षी नकोसा झाला, हे कारण पाटीवर कोणी लिहीत नाही. मुलांच्या वहीत लिहून घेतलं. हेडसर म्हणाले, अहवालात नको. वहीत राहू दे.

३० सप्टेंबर

या महिन्यात नोंद नाही. आधी संततधार, मग सीनेला पूर. मोहोळ-माढ्याकडची गावंच्या गावं पाण्यात. आमच्याकडं पूर नाही, पण दोन मुलांचे मामा गोठे वाहून गेल्याचे फोटो दाखवतायत. प्रकल्प वगैरे सगळं बाजूला. शाळेनं धान्य आणि चादरी गोळा केल्या. सोलापूरच्या माणसाला द्यायला चादर कमी पडत नाही.

११ ऑक्टोबर

वन्यजीव सप्ताह दसऱ्यातच गेला, आम्ही आज केला. पाऊस मुबलक झाल्यानं माळ कधी नव्हे एवढा उभा आहे. सुतळीचा एक मीटरचा चौकोन करून गटागटानं माळावर टाकला आणि आत काय काय आहे ते मोजलं. ‘गवत’ एवढंच लिहायची बंदी. वेगळं दिसलं की वेगळं मोजायचं, नाव घरून आणायचं.

सोमवारची भर: नावं आली, आजी-आजोबांकडून. मारवेल, पवन्या, कुसळी, शेडा, हरळी. मारवेलीवर जनावर दूध देतं. कुसळी कोवळी असेतो चांगली, पिकली की मेंढीच्या कातड्यात शिरते. मुलांच्या मोज्यांतही शिरलीच. एक गट कुसळं काढत पाऊण तास बसला होता. ओल आली की कुसळ पीळ सोडतं आणि बी जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. तळहातावर थुंकी लावून ते फिरताना पाहिलं. हा शोध माझा नव्हे, पोरांचा.

चौकोनात नाकतोडे किती! माळढोक, चंडोल, खोकड, टिटवी, सगळ्यांची पंगत इथंच बसते.

जुलैत लावलेल्या १५० पैकी बरीचशी रोपं जगलीत. पाऊसच तसा. दरवर्षी मरतात म्हणून आपण हळहळतो, यंदा जगली तर मला काळजी. गिरीपुष्प वाढलं की खाली सावली, सावलीत ही गवतं टिकत नाहीत. उंच झाडावर कावळा बसायला जागा होते, आणि कावळ्याला खालचा खळगा दिसतो. माळावरच्या पक्ष्याला लांबवर मोकळं दिसणं हाच आडोसा. झाड वाईट नाही, ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा. हे सगळं ३ जुलैला त्या फलकवाल्यांना सांगायला हवं होतं. उत्तरं मला नेहमी तीन महिन्यांनी सुचतात. रोपं उपटायची परवानगी मला नाही, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नाही.

२२ नोव्हेंबर

त्या मुलीचे आजोबा शाळेत आले. खुर्ची दिली तर बसले नाहीत, व्हरांड्यात भिंतीला टेकून खालीच बसले आणि मुलं आपोआप भोवती.

लांडग्याचा विषय काढला. मुलांना वाटलं शिव्या देतील. ते म्हणाले, “त्याचा वाटा त्यो नेतोय. दुखतंय की, दुखत न्हाई कसं. पर त्येला मारून काय, पुन्यांदा दुसरा येतोय.” मेंढरांभोवती रात्री वाघर लावतात. वाघर म्हणजे जाळी, पूर्वी सुताची, आता नायलॉनची. ती कशी ताणायची, कुत्री कुठल्या अंगाला बांधायची, वारा कुठून आहे ते आधी का बघायचं, हे सांगताना त्यांचे हात हवेत जाळी बांधत होते. लांडगा कायद्यानं काळविटाइतकाच, पहिल्या सूचीतला, संरक्षित आहे आणि मेंढी नेली तर पंचनामा करून भरपाई मिळते, हे मी सांगितलं. ते मान हलवून म्हणाले, “मेंढी ऱ्हायली पायजे पंचनाम्याला. तो काय कातडं ठिवतोय व्हय?”

मग त्यांनी क्रीडांगणाच्या वाळूत बोटांनी ठसे काढले. कुत्र्याचा ठसा गोलसर, बोटं फाकलेली. लांडग्याचा लांबट, मधली दोन बोटं पुढं. कुत्रं इकडं हुंगत, तिकडं हुंगत नागमोडी जातं. लांडगा चालला की ठसे सरळ एका रेषेत, “दोरी आखल्यागत”. गावातलं एक कुत्रं सोयीस्करपणे तिथूनच गेलं, पडताळाही झाला.

त्यांना माळढोक विचारला. “हूम म्हनायचो आमी. पावसाळ्यात घुमायचा, लांबनं ऐकू यायचं.” आवाज काढून दाखवा म्हणाल्यावर हसले, नको म्हणाले. मुलं मागं लागली. मग एकदाच, तोंड मिटून, छातीतून काढला. कोणी हसलं नाही. रेकॉर्ड करायचं माझ्या लक्षात आलं तोवर ते चहा प्यायला लागले होते.

१३ डिसेंबर

नान्नज. सकाळी सव्वासहाला निघालो, ३१ मुलं, दोन शिक्षक, भाकरी आणि शेंगाचटणी. परवानगीचं पत्र आधीच दिलेलं.

थंडी, धुकं, मग ऊन. काळविटांचा कळप पहिल्या अर्ध्या तासात. पुढं काळाकुळकुळीत नर, पिळाची शिंगं, मागं तांबूस माद्या, त्यांना शिंगं नाहीत. हरभरा ज्यांच्या घरी आहे त्या मुलांच्या तोंडून पहिला उद्गार: “हेच आमच्या रानात येतेत!” कौतुकात आणि तक्रारीत तिथं फरक नव्हता. एक मादी बिचकली आणि सरळ वर उडाली, मग अख्खा कळप तसाच उड्या घेत पळाला. भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खालून तरंगत गेला. हे थंडीचे पाहुणे, उत्तरेतून दूरवरून येतात, रात्री गवतातच जमिनीवर झोपतात. माळटिटवी दिसली. आमच्या टिटवीची चुलत बहीण, डोळ्यापुढं लाल नव्हे, पिवळा पडदा. खोकड एकदाच, शेपटीचं काळं टोक तेवढं सगळ्यांना दिसलं.

माळढोक नाही. मनोऱ्यावर तासभर बसलो. मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरी दुर्बीण हातात आलेलं प्रत्येक मूल आधी लांबवर तोच शोधायचं. परतताना बसमध्ये एकानं विचारलं, “मॅडम, नसलं तर अभयारण्याचं नाव बदलतेत का?” दुसऱ्यानं त्याला गप्प केलं. मला मात्र तो प्रश्न रास्त वाटला.

२० डिसेंबर

वेळ अमावस्या, शेतात जेवायचा सण, झाली. पाच मुलांनी मिळून माझ्यासाठी भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे आणले. वर्गातली निम्मी मुलं अजून शेतातच आहेत. शिकवणं शून्य.

१७ जानेवारी २०२६

संक्रांत, सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, नंदीध्वज. वर्ग आज जेमतेम भरला.

शाळेच्या कडुनिंबात एक पिंगळा मांजात अडकलेला मिळाला. नायलॉनचा मांजा, ज्याच्यावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. पंखाच्या सांध्यात दोन वेढे. कार्यालयातली कात्री, टॉवेल, हेडसरांनी टॉवेलात धरला, मी कापला. एवढासा जीव, पण डोळे वटारून असा बघत होता की अपराधी वाटावं. संध्याकाळी खोका उघडल्यावर कौलांकडं उडाला. मांजा कोणाचा, हे विचारलं नाही. नंतरची भर: दुसऱ्या दिवशी कचराकुंडीत दोन चकऱ्या दिसल्या.

१४ मार्च

ऊन चढलंय, गवत सोनेरी होऊन झोपलंय. माळावर सरडे दगडावर उभे राहून गळ्याचा पंखा उघडतायत: निळा, काळा, भगवा. याच सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी शास्त्रीय नाव दिलं तेच मुळी ‘सरडा’. आपला मराठी शब्द, जसाच्या तसा. हे ऐकून वर्गानं टाळ्या वाजवल्या. एवढ्या टाळ्या माळढोकालाही पडल्या नव्हत्या.

आज पुन्हा नकाशा. तोच कागद, तोच पाऊण तास. अहवालाला दोन्ही जोडायचे आहेत, जूनचा आणि मार्चचा. अहवालाच्या नमुन्यात एक रकाना आहे, ‘लावलेली झाडे व जगलेली झाडे’. दुसरा रकाना नाही. जगलेल्या गवताची नोंद घेणारा नमुना अजून कोणी छापलेला नाही. नकाशे मी मागच्या बाजूला टाचले.

कागद भरगच्च आले. माळावर आता लिहायला जागा पुरेना. कुसळीचा पट्टा, सरड्यांचे दगड, खोकडाचं चालू बीळ, वाड्याची जागा, काळवीट रस्ता ओलांडतात ती वाट. ‘काही नाही’ लिहिणारीनं तर माळासाठी वेगळा कागद जोडलाय.

फक्त गोफण्याचा माळ कोरा. बाकी गाव भरलेलं, ओढा भरलेला, विहिरीवर कोतवाल पक्षीसुद्धा आहे. माळावर एक रेघ नाही. मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. म्हटलं, तुला तर सगळ्यात जास्त माहितेय, मग?

त्यानं आधी दाराकडं पाहिलं. “कागद वर जातोय ना मॅडम?”

“हो.”

“मग कशाला दाखवायचं?”

मग जवळ येऊन, आवाज खाली आणून, यंदा टिटवी कुठं बसलीय ते सांगितलं. किती अंडी आहेत, कुठल्या खुणेवरून दिसतात, किती अंतरावर थांबायचं, सगळं. सुट्टीची घंटा झाल्यावर आम्ही दोघं लांबूनच बघून आलो. मला या वेळी पाच मिनिटांत दिसली. चार.

जागा इथं लिहीत नाही.